ते खाणं थोडंच!

मराठी घरात अनशेपोटी घ्यायच्या वस्तू आता इतक्या झाल्या आहेत की आपण नक्की कुणासाठी रिकामं राहायचं, हे पोटालाच कळेनासं झालंय. कोमट पाण्यात लिंबू-मध, अनशेपोटी. रात्री भिजत घातलेले मेथीदाणे, अनशेपोटी. सोललेले बदाम, आवळ्याचा रस, जिऱ्याचं उकळलेलं पाणी, चमचाभर साजूक तूप आणि अलीकडे आलेलं, सब्जाचं परदेशातलं चुलत भावंड शोभेल असं ते चिया. सगळ्यांना पहिला नंबर हवा. एकानं तो पटकावला की मागच्याला रिकामं पोट कुठून मिळणार? आमच्याकडे नवऱ्यानं यावर तोड काढली आहे. दोन अनशेपोटींच्या मध्ये पंधरा मिनिटं सोडायची. त्यामुळे साडेपाचला सुरू झालेलं अनशेपोट पावणेआठपर्यंत चालतं आणि मग ‘सकाळपासून पोटात काही नाही’ म्हणून पोह्यांची बशी पुढे ओढली जाते. वर ओलं खोबरं, बारीक शेव आणि लिंबू. लिंबू तब्येतीसाठी.

या रांगेत मध्यंतरी दुधीचा रसही होता. कडू दुधीचा रस विषारी ठरू शकतो, जिभेला कडू लागला की तो टाकून द्यायचा, असं आयसीएमआरनं नेमलेल्या तज्ज्ञांनी स्पष्ट सांगितलंय. पण आपल्याकडे कडू म्हणजे गुणकारी, हे बाळकडूपासून अंगात मुरलेलं. शेजारचे काका रस कडू लागला म्हणून आणखी अर्धा पेला मागत होते. काकूंनी तो मोरीत ओतला आणि त्या दिवसापासून दुधीची घरात फक्त भाजी होते, जी काका खात नाहीत.

वजन कमी करायला खाण्यातून काहीतरी वजा करावं लागतं, हे गणित इतर कुठे चालत असेल. आमच्याकडे बेरीजच चालते. ग्रीन टी आला, पण चहा गेला नाही. ग्रीन टीनंतर तोंडाला चव यावी म्हणून चहा. ओट्स आले, ते नाश्त्याच्या आधी. गव्हाच्या पोळीऐवजी ज्वारीची भाकरी आली, पण भाकरीबरोबर लोण्याचा गोळा नको का? आणि एवढं सगळं पथ्य पाळूनही काटा खाली येत नाही म्हटल्यावर थायरॉईडवर संशय. थायरॉईडचा रिपोर्ट नॉर्मल आला की आनुवंशिकता. तीही पुरेना झाली की वजनाचा काटाच सदोष.

मला विचाराल तर सदोष आहे तो हिशेब. खाणं दोन प्रकारचं असतं, धरायचं आणि न धरायचं. ताट मांडून, बसून, ठरल्या वेळी खाल्लं ते धरायचं. उभ्यानं खाल्लेलं धरायचं नाही. फ्रीजचं दार उघडं ठेवून, त्याच्याच दिव्यात खाल्लेलं तर नाहीच नाही. आमटीची चव बघितलेली नाही, दुसऱ्यांदा मीठ बरोबर पडलंय ना म्हणून बघितलेली नाही. बरणीच्या तळाशी राहिलेली मोडकी बिस्किटं नाहीत, कारण ती बिस्किटं कुठे राहिली? मंडईत द्राक्षं गोड आहेत का हे बघण्यासाठी गाडीगाडीवर चाखलेली नाहीत. मुलाच्या डब्यात उरलेला पराठा नाही. तो आपण खाल्ला नाही, आपल्याला टाकवला नाही. लग्नात दुसऱ्याच्या बशीतून उचललेली जिलबी ज्याची बशी त्याच्या खात्यावर. आणि प्रसाद तर कधीच नाही. सत्यनारायणाच्या शिऱ्यात रवा, साखर आणि तूप समसमान, तेही सव्वाच्या मापानं. जगातल्या कुठल्याही आहारतज्ज्ञाला हे प्रमाण सांगितलं तर तो खुर्चीत बसल्या बसल्या घामेजेल. पण द्रोणातली मूद हातावर आली की ती देवाच्या हिशेबात जाते.

घरात दाणे भाजले की सालं काढायच्या कामाला नवरा आपणहून उठतो. न सांगता तो करतो असं हे एकच घरकाम. दाणे अजून गरम असताना तो ते ताटात घेऊन तळहातानं चोळतो, गॅलरीत जाऊन फुंकर मारतो, सालं खालच्या मजल्यावरच्या वाळत घातलेल्या चादरीवर जाऊन बसतात, आणि मध्ये मध्ये एखादा दाणा खवट तर नाही ना, हे बघत राहतो. खवट दाणा सापडत नाही. शोध सुरू राहतो. मी कूट करायला बसते तेव्हा अर्ध्या किलोचे दाणे बघता बघता पावशेराकडे झुकलेले असतात. शेंगदाण्यात वजनाच्या जवळजवळ निम्मं तेल असतं, हे मी एकदा बोलून दाखवलं. नवरा मनापासून चकित झाला. “अगं, ते खाणं थोडंच! ते काम होतं.”

यात एकट्या मराठी माणसाला बोल लावायचं कारण नाही. १९९२ साली ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये न्यूयॉर्कच्या संशोधकांचा एक लेख आला होता. ‘आम्ही काहीच खात नाही तरी वजन उतरत नाही’ अशी तक्रार असलेली मोजकी माणसं त्यांनी घेतली, त्यांना खाल्लेलं सगळं लिहायला सांगितलं आणि दुसरीकडे त्यांच्या शरीरात खरोखर किती ऊर्जा खर्च होते, ते खास पद्धतीनं मोजलं. या मंडळींनी खाणं सरासरी ४७ टक्के कमी सांगितलं होतं आणि व्यायाम ५१ टक्के जास्त. चयापचय सगळ्यांचा ठाकठीक होता. ते खोटंही बोलत नव्हते. तिथेही फ्रीजचं दार उघडल्यावर दिवा लागतोच ना!

सासूबाईंचा मात्र हिशेबाशी संबंधच नाही, कारण त्यांचे उपास असतात. सोमवार, चतुर्थी, दोन एकादश्या, शिवाय चातुर्मासात जे काही धरलेलं असेल ते. एकादशी आणि दुप्पट खाशी, ही म्हण त्यांना म्हणून दाखवण्याची कुणाची छाती नाही. सकाळी खिचडी, दुपारी वरीचे तांदूळ आणि दाण्याची आमटी, वर बटाट्याची भाजी, चारला रताळ्याचा गोड कीस, रात्री ‘नुसतं’ थालीपीठ. साबुदाणा म्हणजे जवळपास शुद्ध स्टार्च. तो बनतो टॅपिओकाच्या कंदापासून, मुख्यतः तमिळनाडूत सेलमच्या बाजूला. हे कंद, बटाटा, रताळं, शेंगदाणा आणि मिरची, सगळी मूळची अमेरिका खंडातली. तिकडून दर्यावर्दी घेऊन आले तेव्हा कुठे आपली एकादशी पोटभर होऊ लागली. मी हे एकदा कौतुकानं सांगितलं. सासूबाईंनी खिचडीवर कोथिंबीर पेरता पेरता विचारलं, “मग टोमॅटो का चालत नाही गं?” टोमॅटोही तिकडचाच. त्याला प्रवेश का मिळाला नाही, हे मला खरंच सांगता आलं नाही. शेजारच्या घरात उपासाला कोथिंबीर चालत नाही, त्यामुळे तिथल्या आजी आमच्याकडच्या उपासाला उपासच मानत नाहीत.

पण घरात खरी फूट पडली ती दीक्षित-दिवेकर काळात. महाराष्ट्रातले पक्ष पुढे फुटले, घरं २०१८ च्या सुमारासच फुटली होती. एका बाजूला डॉ. जगन्नाथ दीक्षित. त्यांचं म्हणणं, खाल्लं की दर वेळी इन्शुलिन स्रवतं, तेव्हा खाण्याच्या वेळाच कमी करा. कडकडून भूक लागते अशा दिवसातल्या दोनच वेळा शोधा, तेव्हाच जेवा, जेवण ५५ मिनिटांच्या आत संपवा, मध्ये पाणी, घरचं पातळ ताक, बिनसाखरेचा कोरा चहा एवढंच. आणि ४५ मिनिटांत साडेचार किलोमीटर चाला. मूळ विचार डॉ. श्रीकांत जिचकारांचा, हे दीक्षित स्वतः प्रत्येक व्याख्यानात सांगत. दुसऱ्या बाजूला ऋजुता दिवेकर. फार वेळ उपाशी राहिलात तर पुढच्या जेवणावर तुटून पडाल. त्यापेक्षा दर दोनेक तासांनी थोडं थोडं खा, आजीच्या हातचं खा, तूप खा, केळं खा, आपल्या मातीतलं खा. ‘तूप खा’ एवढे दोनच शब्द पुष्कळांच्या कानात शिरले आणि पुढचं भाषण ऐकायची गरज उरली नाही.

आमच्याकडे नवरा दीक्षितांचा, नणंद दिवेकरांची. दीक्षितांनी ५५ मिनिटं ही कमाल मर्यादा म्हणून सांगितली होती. नवऱ्यानं तो कोटा समजून घेतला. सकाळी बरोबर दहाला तो मोबाइलवर गजर लावून पाटावर बसे. पहिली वीस मिनिटं नेहमीचं जेवण होई. नंतर तो घड्याळाकडे बघे आणि त्याच्या चेहऱ्यावर रेल्वे सुटायला अजून वेळ असलेल्या माणसाचं समाधान पसरे. मग पुन्हा भात, मग फळं, मग ‘मोड आलेलं काही आहे का?’ चव्वेचाळिसाव्या मिनिटाला डब्यातला लाडू. बावन्नाव्या मिनिटाला तो उठून फ्रीजपर्यंत जाऊन येई, आणि गजर वाजत असताना तोंडात आम्रखंडाचा चमचा असे. तो चमचा वेळेत गेला, हे त्याला तीनदा सांगायचं असे.

नणंद दिवाळीला राहायला आली ती छोट्या छोट्या डब्यांची चळत घेऊन. एकात खजूर, एकात मखाणे, एकात गूळ-शेंगदाणे, एकात काजू. दर दोन तासांनी एक डबा उघडायचा. तिचंही घड्याळावर लक्ष, यानंही घड्याळ लावलेलं. संध्याकाळी भावा-बहिणीचा वाद रंगे. इन्शुलिन, उपासमारी, पूर्वज, शेतकरी, करिना कपूर, सगळे त्यात येऊन जात. वाद करता करता दोघंही मध्ये ठेवलेल्या चिवड्यात हात घालत. दीक्षितवाल्याची जेवणाची वेळ नव्हती आणि दिवेकरवालीचे दोन तास भरले नव्हते, त्यामुळे त्या चिवड्याचं पालकत्व कुणाकडेच जात नव्हतं. भाऊबीज झाल्यावर तह झाला. तहनामा असा की दीक्षितांची जेवणं चालू ठेवायची आणि मधल्या वेळांना दिवेकरांचं खायचं.

खरं तर या दोन पद्धती नेकीनं पाळलेली माणसं माझ्या पाहण्यात आहेत, आणि दोन्हीकडच्यांची वजनं उतरलेली मी पाहिली आहेत. एकमेकांच्या विरुद्ध सांगणारे दोघंही बरोबर कसे, याचं उत्तर मला स्वयंपाकघरातून दिसतं. दोघांनीही लोकांना कधी नव्हे ते घड्याळ बघून, विचार करून तोंडात घास घालायला लावलं. फरसाणाच्या पुड्याकडे गेलेला हात जरा थबकला. त्या थबकण्याची किंमत मी इन्शुलिनपेक्षा जास्त धरते.

आणि स्वयंपाकघराचं नाव निघालंच आहे तर सांगते. घरात एकानं डाएट धरलं की ओट्याशी दुसरं माणूस दुप्पट राबत असतं. याचे उष्मांक अजून कुणी मोजलेले नाहीत. आमच्याकडे एखाद्या सोमवारची रात्र अशी असते: नवऱ्याला ज्वारीची भाकरी, सासूबाईंना उपासाचं, लेकीला उकडलेल्या अंड्यांचं फक्त पांढरं, आणि पाहुणा असेल तर त्याला ‘आपलं साधंच’ म्हणजे वरण-भात, पोळी-भाजी, कोशिंबीर आणि काहीतरी गोड. अंड्यांचं पातेलं वेगळं, ते गॅलरीतल्या शेगडीवर. लेक बलकांना हात लावत नाही. पिवळेधम्मक, गोल गरगरीत बलक ताटलीत रांगेनं बसलेले असतात. ते टाकवत नाहीत. ते कुणाच्या डाएटमध्ये बसत नाहीत. मी ओटा पुसता पुसता, उभ्यानं, मीठ-मिरपूड लावून त्यांची व्यवस्था लावते. ते खाणं थोडंच!

याच लेकीनं जिममध्ये नाव घातल्यावर व्हे प्रोटीनचा एक डबा आणला. रंगाच्या डब्याएवढा, किंमत ऐकून सासूबाईंनी जपमाळ खाली ठेवली. व्हे म्हणजे काय, हे लेकीनं समजावलं: दूध फाटल्यावर चीज वेगळं होतं आणि जे पाणी उरतं, ते सुकवून ही पावडर होते. सासूबाईंच्या डोळ्यांसमोर आयुष्यभराचे चक्के उभे राहिले. पाडव्याच्या आदल्या रात्री नळाला फडक्यात बांधलेलं दही, खाली पातेल्यात टपटपणारं हिरवट पाणी. कधी त्यात कणीक भिजवली, कधी आमटीत घातलं, आणि घाईच्या दिवशी सरळ मोरीत. “म्हणजे एवढे पैसे मी मोरीत ओतले?” त्या म्हणाल्या. हे पाणी अगदी तेच नव्हे आणि त्यात प्रोटीन असतं ते फारच थोडं, असं लेक सांगत राहिली. पण त्या गुढीपाडव्याला चक्क्याचं पाणी पेल्यांत भरून, सगळ्यांपुढे अनशेपोटी आलं.

आता चालणं. पुण्यात सकाळी चालायला जाणारी माणसं तळजाईवर, हनुमान टेकडीवर, पर्वतीवर भेटतात, आणि सात वाजता तीच माणसं टेकडीखाली खाण्याच्या गाड्यांवर भेटतात. आमच्या इमारतीत पदार्थविज्ञानाचे एक निवृत्त प्राध्यापक राहतात. त्यांनी पर्वतीच्या पायथ्याशीच तोंडी गणित करून दाखवलं. सत्तर किलोचा माणूस, टेकडीची उंची सत्तर-ऐंशी मीटर धरा, स्नायूंची कार्यक्षमता पाव धरा. एकदा वर चढायला ढोबळमानानं पन्नास किलोकॅलरी. म्हणजे मारीची दोन बिस्किटं, थोडी कडा राखून. मंडळी गप्प झाली. एक जण हळूच म्हणाले, “आणि उतरताना?” सरांनी उतरण्याचे फार मिळत नाहीत असं सांगितल्यावर त्यांचा विज्ञानावरचा विश्वास उडाला. त्याच तिरीमिरीत सगळे वडापाव खायला गेले. सरही गेले, गणित तोंडी केल्यानं त्यांना भूक लागली होती.

रविवारी हेच मोठ्या प्रमाणावर, सिंहगडावर. आतकरवाडीतून घाम गाळत माणसं वर येतात, मनगटावरच्या घड्याळात ठोके बघतात, टिळकांच्या बंगल्याच्या दिशेनं पाहून एक फोटो काढतात आणि मग घोंगडीवर मांडी घालून पिठलं-भाकरी, गरम कांदाभजी, ठेचा आणि मडक्यातलं दही. मी याच्या विरुद्ध नाही. गडावर जाऊन पिठलं न खाता उतरणारा माणूस मला दीर्घकाळ ओळख ठेवण्याच्या लायकीचा वाटत नाही. फक्त त्यानं खाली उतरल्यावर ‘आज एक हजार कॅलरी जाळल्या’ असा फोटो टाकू नये.

दहा हजार पावलांचंही तेच. हा आकडा कुण्या वैद्यानं नेमून दिलेला नाही. १९६५ साली जपानात पावलं मोजायचं एक यंत्र विक्रीला आलं, त्याच्या नावातच दहा हजार होते. आकडा लक्षात राहायला सोपा, तो जगभर चिकटला. पावलं वाढवली तर फायदा होतो, आणि तो दहा हजारांच्या कितीतरी अलीकडे सुरू होतो. पण आमच्या सोसायटीत रात्री साडेअकराला पार्किंगमध्ये लुंगी नेसून येरझाऱ्या घालणारी आकृती दिसली तर कुणी चोर समजून ओरडत नाही. कुणाचे तरी आठशे कमी पडत असतात. तळमजल्यावरच्या आजोबांची पावलं एका सुट्टीत एकाएकी वीस हजारांवर गेली. चौकशीअंती कळलं, नातू त्यांचा फोन खिशात घालून क्रिकेट खेळत होता. आजोबांना हे ठाऊक होतं. त्यांनी नातवाला रोजची कुल्फी लावली होती, आणि एक कुल्फी एकट्या मुलाला कशी द्यायची म्हणून दुसरी स्वतःला.

गेल्या हिवाळ्यात सोसायटीत आरोग्य शिबिर झालं. क्लबहाउसमध्ये टेबलं मांडून मोफत तपासण्या. वजनाच्या काट्यापाशी माणसं चपला काढत होती, घड्याळं काढत होती, खिशातल्या किल्ल्या बायकोच्या हातात देत होती. एका गृहस्थांनी चष्माही काढला आणि मग आकडा दिसेना म्हणून दुसऱ्याला वाचायला लावला. पण खरी गंमत टेपपाशी होती. पोटाचा घेर बेंबीच्या आसपास मोजतात, पँटच्या पट्ट्याच्या जागी नाही. मराठी पुरुषाचा पँटचा नंबर तीस वर्षं चौतीसच राहतो, कारण पोट पुढे येईल तसा पट्टा मुकाट्यानं खाली सरकतो. भारतीय पुरुषाला ९० सेंटिमीटर आणि बाईला ८०, त्यापुढे धोका. टेप धरणारी शिकाऊ मुलगी गोड आवाजात म्हणे, “काका, श्वास सोडा.” काका म्हणत, “सोडलाय.” मग दोघंही थोडा वेळ थांबत. माणूस श्वास किती वेळ रोखू शकतो, याचा अंदाज तिला शिबिराच्या पहिल्या तासातच आला होता. ती हसून टेप तशीच धरून उभी राही, आणि काकांचा चेहरा लाल होत होत एकदम सत्य बाहेर येई. १०३.

“पण माझं वजन तर प्रमाणात आहे,” असं म्हणणारेही होते. त्यांना तिथल्या डॉक्टरबाईंनी पुण्यातलीच एक गोष्ट सांगितली. केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन या दोघांनी २००४ साली ‘लॅन्सेट’मध्ये आपला जोडीनं फोटो छापला. दोघांचा बीएमआय तंतोतंत सारखा, २२.३. म्हणजे उंचीच्या मानानं वजन दोघांचंही उत्तम. पण अंगातली चरबी युडकिनांच्या ९.१ टक्के आणि याज्ञिकांच्या २१.२ टक्के. हातपाय काटकुळे, आणि चरबी आत, पोटाभोवती दडलेली. अशा भारतीय शरीराला मधुमेह लवकर गाठतो, हे याज्ञिकांचं आयुष्यभराचं काम. एका पुणेकरानं आपला उणेपणा स्वतःहून, तोही परदेशी नियतकालिकात, छापून आणला, या घटनेची शहरानं पुरेशी दखल घेतलेली नाही.

रक्ताच्या टेबलाशी शांतता होती, कारण तिथे सगळे तयारी करून आले होते. आठवडाभर आधी साखर बंद, भात बंद, सकाळी चालणं. आदल्या रात्री मुगाचं कढण. परीक्षेच्या तोंडावर गाईड वाचणाऱ्या पोराची तयारी अगदी अशीच असते. अनशेपोटीची साखर नवऱ्याची सुरेख आली. तो विजयी मुद्रेनं माझ्याकडे बघत असतानाच डॉक्टरबाईंनी पुढचा कागद उचलला. एचबीएवनसी. ही तपासणी काल काय खाल्लं ते विचारत नाही, दोन-तीन महिन्यांची सरासरी सांगते. त्यात दसरा होता, दिवाळी होती, नणंदेचे डबे होते आणि भाच्याच्या लग्नातले चार दिवस होते. ६.३. मधुमेह अजून नाही, पण ६.५ ला तो सुरू होतो, म्हणजे तो उंबऱ्यावर येऊन चपला काढत होता.

“काय काय खाता दिवसभरात?” डॉक्टरबाईंनी विचारलं.

“दोन वेळचं जेवण. बस.”

मी मागे उभी होते. डॉक्टरबाईंनी माझ्याकडे पाहिलं. मी फक्त छताकडे पाहिलं. त्यांना पुरेसं कळलं.

औषध लगेच नको, म्हणाल्या. एक महिना तोंडात जाईल ती प्रत्येक गोष्ट लिहून आणा. ताटातली अर्धी जागा भाज्या, कोशिंबीर, फळं यांना द्या. आपल्याकडे कोशिंबीर ताटाच्या डाव्या कोपऱ्यात, चटणी-लोणच्याच्या शेजारी, चमच्यानं टेकवायची रीत. तिला अर्धं ताट द्यायचं म्हणजे भाताला हद्दपारी. नवऱ्यानं हे कलम तिथल्या तिथे ‘बघू’ म्हणून बाजूला ठेवलं. डायरी मात्र त्याला फार आवडली. घरी येताना त्यानं कापडी पुठ्ठ्याची एक वही घेतली, नवं पेन घेतलं, पहिल्या पानावर श्री काढला. रात्री मी वही उघडून पाहिली. सुवाच्य अक्षरात लिहिलं होतं: ‘सकाळी पोहे, अर्धी बशी. दुपारी भाकरी दोन, भाजी, ताक. संध्याकाळी काही नाही.’

मी पेन घेतलं आणि समासात बारीक अक्षरात भरायला सुरुवात केली. अनशेपोटीची वस्तू एक ते सहा. शिबिरात रक्त दिल्यावर अशक्तपणा येऊ नये म्हणून घेतलेला बटाटेवडा. वही घेतली त्या दुकानाशेजारी उसाचा रस, बिनबर्फाचा. दाणे सोलताना वाटी. समास भरला तसं पान आडवं धरलं. नवरा खांद्यावरून वाचत होता. “हे सगळं लिहायचं?” त्यानं विचारलं, आणि प्रत्येक ओळीशी थांबून भांडला. उसाच्या रसावर त्यानं माघार घेतली, वड्यावर घेतली. दाण्यांवर मात्र तो अडून बसला. शेवटी दाणे कंसात घालायचे, असं ठरलं.

सासूबाई हे सगळं सोफ्यावरून ऐकत होत्या. शिबिरात त्यांचीही साखर जरा वर निघाली होती आणि डॉक्टरबाईंनी त्यांनाही लिहायला सांगितलं होतं.

“मलाही एक वही आण गं,” त्या म्हणाल्या. “पण पातळशीच आण. उपासाचे दिवस नाही ना लिहायचे?”